पंप निवड समिती आणि विशेष निमंत्रित

आजाराबद्दल सर्वांत कमी माहिती आजारी माणसाला असते. याचं कारण उघड आहे. तो बिचारा दिवसभर आजारी असण्यात अडकलेला असतो. विचार करायला त्याला सवड कुठून मिळणार? धडधाकट माणसाचं तसं नसतं. त्याच्याकडे वेळ असतो, डोकं थंड असतं आणि पोट भरलेलं असतं. त्यामुळे दुखणं आजाऱ्याने सांभाळावं आणि अक्कल इतरांनी पुरवावी, अशी कामाची सोयीस्कर वाटणी समाजाने फार पूर्वीच करून ठेवली आहे. ही वाटणी काटेकोरपणे पाळणारी घरं हल्ली कमी होत चालली आहेत. धाकटीचं घर मात्र अजून टिकून आहे.

धाकटी म्हणजे घरातलं शेंडेफळ. वय लग्नाचं (असं वहिनीचं मत), किंवा कामाचं (असं तिचं स्वतःचं). शाळेत असल्यापासून तिला टाइप वन मधुमेह आहे. म्हणजे एके दिवशी शरीराने कसलीही पूर्वसूचना न देता इन्सुलिन तयार करणं बंद केलं, आणि तेव्हापासून ते बाहेरून सुईने भरावं लागतं. गोड खाऊन होतो तो हा मधुमेह नव्हे. (हे डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना दरवर्षी समजावून सांगितलं आहे. घरच्यांनी दरवर्षी मान डोलावली आहे, आणि घरी येऊन साखरेचा डबा दरवर्षी एक फळी वर चढवला आहे. सध्या तो माळ्यावर असतो.)

इन्सुलिन कमी पडलं की साखर चढते, जास्त झालं की पडते. चढलेली साखर हळूहळू नुकसान करते, पडलेली साखर उभ्याउभ्या. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि त्या मिनिटाला तोंडात काही गोड गेलं नाही तर माणसाची शुद्ध जाते. म्हणून धाकटी ग्लुकोज पावडरचा एक छोटा पत्र्याचा डबा कायम जवळ बाळगते. घराला हा डबा कधीच पसंत पडला नाही. मधुमेहाचं माणूस पिशवीत साखर घेऊन हिंडतं हे काकांना दारूबंदी खात्याच्या साहेबाच्या खिशात बाटली सापडावी तसं वाटतं.

धाकटी एका बेकरीत भट्टीवर काम करते. पीठ मळणारे तिथे दोघं आहेत, गिऱ्हाईक सांभाळणारे दोघं, पण भट्टी तिची. पाव भाजला की नाही हे ती घड्याळावर ठरवत नाही. पाव उलटा करून बुडाशी टकटक करते आणि कान देते. पोकळ आवाज आला की ट्रे बाहेर. हे काम तिला मनापासून आवडतं. भट्टीचं दार उघडल्यावर तोंडावर येणारी ती पहिली धग तिला घरातल्या कुठल्याही खोलीपेक्षा आपली वाटते. घरात हे कोणाला सांगायला गेलं तर वहिनी म्हणते, "वन्सं, रंग काळवंडतो हो."

मागच्या महिन्यात ती भट्टीपाशी पडली. साखर पडताना शरीर जी वर्दी देतं ती अलीकडे कधी उशिरा यायची, कधी यायचीच नाही. इतक्या वर्षांत शरीरालाही कंटाळा आला असावा. ती ट्रे ओढत होती, आणि पुढच्या क्षणी फरशी गालाला लागली होती. ट्रेची कड मनगटाला चाटून गेली, त्याचा डाग अजून आहे. मालक तसा भला माणूस. त्याने तिला उठवलं, सरबत पाजलं, आणि मग म्हणाला, "तू पाव झकास भाजतेस गं बाई. पण मला तू भाजलेली नकोस. ते पंप निघालेत ना आता, साखर पडायच्या आधी बोंब मारणारे? तो लाव आणि खुशाल भट्टीवर ये. महिनाअखेरपर्यंत तुझी जागा ठेवतो. पुढे मला दुसरं माणूस बघावं लागेल."

तोवर धाकटीला मागच्या खोलीत केकची खोकी दुमडायला बसवलं. खोकी दुमडता दुमडता तिच्या नाकात भट्टीचा वास यायचा आणि तिला रडू यायचं. दुसऱ्याच्या हातून करपलेल्या पावाचा वास आला की जास्त यायचं.

डॉक्टरीणबाईंनी पंपाला लगेच होकार दिला. बाजारात तीन पंप हिच्या उपयोगाचे आहेत म्हणाल्या. पहिल्याची इन्सुलिनने भरलेली डबी कमरेला अडकवायची आणि तिच्यातून निघालेली बारीक नळी पोटाला टोचलेल्या सुईला जोडायची. दुसऱ्याला नळी नाही, तो थेट अंगाला चिकटतो. तिसरा सेन्सरशी बोलून इन्सुलिन किती सोडायचं हे स्वतःच ठरवतो. घरात त्यांची नावं पडली: नळीवाला, बिननळीचा आणि शहाणा. साखर मोजणारा, दंडावर लावायचा सेन्सर तिन्हींसोबत असतोच. साखर खाली घसरू लागली की तो फोनवर ठणाणा करतो. त्या म्हणाल्या, "तिन्हींचे नमुने घरी न्या. औषध नाही त्यांत, मिठाचं पाणी आहे. हिला लावून बघू दे. कामावर, अंघोळीला, झोपेत. जो हिला नकोसा होणार नाही, तो घ्या." त्यांनी नमुने एका पिशवीत घातले, सोबत एक सेन्सरही दिला. बोलण्यात कुठेही संदिग्धता नव्हती. पण डॉक्टरीणबाईंना खरेदीचा अनुभव नाही, हे काकांनी पायऱ्या उतरतानाच ओळखलं.

वडील गेल्यापासून घरातले मोठे निर्णय काका घेतात. (छोटेही काकाच घेतात, पण ते मोठे झाल्यावर.) काका आयुष्यभर एका सरकारी खात्याच्या खरेदी विभागात होते. त्यांच्या कारकिर्दीत खात्याने एकही वस्तू घाईघाईने घेतली नाही. बऱ्याचशा घेतल्याच नाहीत. पंख्यांची फाइल तर त्यांनी इतकी डोळ्यांत तेल घालून तपासली की अखेर कर्मचारीच उकाड्याला सरावले आणि खात्याचा खर्च वाचला. निरोप समारंभात या गोष्टीचा गौरवाने उल्लेख झाला. (समारंभ अंगणात ठेवला होता. सभागृहात पंखे नव्हते.)

अशा माणसाच्या घरात पंप येणार म्हटल्यावर समिती स्थापन होणं ओघानेच आलं. पंप निवड समितीची रचना पुढीलप्रमाणे झाली. अध्यक्ष काका. वैद्यकीय सदस्य मामा, कारण त्यांचं एकदा अपेंडिक्स काढलं होतं आणि तेव्हापासून ते डॉक्टरांशी बरोबरीने बोलतात. तांत्रिक सदस्य दादा, म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ. घरातल्या सगळ्या फोनचे पासवर्ड त्याला ठाऊक आहेत. सौंदर्यविषयक सदस्य वहिनी. आई सदस्य होती, पण बैठकीला चहा लागतो आणि चहा स्वयंपाकघरात होतो, म्हणून तिने आपलं मत काकांकडे सोपवावं असं ठरलं. कोणी ठरवलं हे तिला आठवत नव्हतं, पण "भाऊजी म्हणतात तर तसं" असं ती म्हणाली.

राहिली धाकटी. पहिल्या बैठकीत ती आपली खुर्ची ओढून टेबलाशी बसली आणि म्हणाली, "काका, मला लावून बघू द्या ना. एकेक करून. भट्टीपाशी."

काकांनी चष्मा काढला. "अगं, तू लाभार्थी. तुझे हितसंबंध गुंतलेत यात. लाभार्थ्यानेच वस्तू निवडली तर उद्या लोक काय म्हणतील? आपल्याच सोयीची घेतली!"

"पण माझ्या सोयीचीच घ्यायची आहे ना?"

"तेच म्हणतोय मी," काका समजुतीने म्हणाले.

या युक्तिवादाला उत्तर नसतं. असतं तर खात्यात एवढ्या वर्षांत कोणीतरी दिलंच असतं. धाकटीला समितीवर विशेष निमंत्रित म्हणून घेण्यात आलं. विशेष निमंत्रिताला बसता येतं, ऐकता येतं आणि अध्यक्षांनी परवानगी दिल्यास बोलताही येतं. मत देता येत नाही. पंपाचे पैसे मात्र ती स्वतःच्या पगारातून भरणार होती, त्यामुळे खर्चाच्या बाबतीत समितीचं मन मोठं होतं.

नमुन्यांची चाचणी अर्थातच तटस्थ व्यक्तींनी करायची होती. तटस्थ म्हणजे ज्यांना मधुमेह नाही असे. सुदैवाने समितीचे शंभर टक्के सदस्य या निकषात बसत होते.

नळीवाला दादाने लावला. पहिल्याच सकाळी नळी दाराच्या मुठीत अडकली आणि डबी बादलीत पडली. दादाला मनस्ताप झाला. समितीने दादाच्या मनस्तापाबद्दल सहानुभूतीचा ठराव एकमताने संमत केला, आणि मुठीची उंची कमी करण्याचा विषय पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. बिननळीचा वहिनीकडे होता. तिने तो स्वतःला न चिकटवता हँगरवरच्या कुडत्याच्या बाहीला चिकटवला, लांब उभी राहिली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "फोटोत येईल हो हा. लग्नाच्या वेळी काय करायचं?" (लग्न ठरलेलं नव्हतं. मुलगा बघितलेला नव्हता. पण फोटो ठरलेले होते.) कुडत्याची प्रकृती मात्र आठवडाभर उत्तम राहिली आणि चिकटपट्टीने कुठेही पुरळ उठली नाही, याची नोंद घेण्यात आली.

शहाणा पंप मामांच्या वाट्याला आला, आणि त्याबरोबर तो एकुलता एक सेन्सरही. तिथून पुढे मामांच्या आयुष्याला एक वेगळंच वळण लागलं. फोनवर त्यांच्या साखरेची रेघ दिसायची. सपाट, संथ, सरळ. मामांना इतकं निष्कलंक असं स्वतःचं काही आजवर कधी बघायला मिळालं नव्हतं. ते केकचा भलामोठा तुकडा खायचे, पाच मिनिटं रेघेकडे टक लावून बघायचे, ती किंचित वर जाऊन शहाण्यासारखी खाली आली की फोन धाकटीच्या नाकापुढे धरायचे.

"ही बघ माझी. आणि तुझी बघ. मनावर घ्यावं लागतं गं, मनावर."

मामांचं स्वादुपिंड शाबूत होतं एवढाच काय तो फरक होता, पण मामांनी त्याचं श्रेय कधी स्वादुपिंडाला दिलं नाही. शेजारीपाजारी, न्हावी, दूधवाला, सगळ्यांना ती रेघ दाखवून झाली. मिठाचं पाणी आपल्याला मानवतं असंही त्यांना वाटू लागलं होतं.

धाकटी खोकी दुमडून यायची, हात धुवायची, बोटाला सुई टोचून साखर बघायची आणि खुर्चीत बसून चाचणीचे अहवाल ऐकायची. तिच्या मनात काय चाललं होतं ते सरळच सांगायचं तर ती संतापलेली होती. एकदा तिने दादाला बाजूला घेतलं. "दादा, मालकाकडे आज एक माणूस भट्टी बघून गेला. दार उघडझाप करून गेला. महिना संपत आलाय रे. एक दिवस तरी दे मला तो सेन्सर."

दादा कळवळला. माणूस वाईट नव्हता. "देईन गं," तो म्हणाला. "मामांचा अहवाल येऊ दे."

सर्व चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष फार उत्साहवर्धक होता. तिन्ही पंपांच्या वापरात एकाही सदस्याची साखर पडली नाही. एकही सदस्य भाजला नाही. एकाही सदस्याला रुग्णालयात न्यावं लागलं नाही. तिन्ही पंप सारखेच गुणकारी ठरल्यामुळे निवडीसाठी वेगळे निकष हवेत असं अध्यक्षांनी सुचवलं, आणि ते स्वतःच एका दुपारी लिहून काढले:

(क) पंप कोणाला दिसू नये. परंतु पंप घेतला आहे हे सर्वांना कळावे.

(ख) साखर पडू लागताच पंपाने मोठ्याने सूचना द्यावी. परंतु ज्येष्ठांच्या झोपेच्या वेळी ती देऊ नये.

(ग) पंप अत्याधुनिक असावा. परंतु तो वापरून आधी कोणी मेलेले नाही याचा पुरेसा अनुभव असावा.

(घ) पंप बंद पडणार असल्यास त्याने तसे आगाऊ कळवावे.

(ङ) वरील सर्व अटी पूर्ण करून पंप लाभार्थीस सोयीचा असल्यास समितीची हरकत नाही.

शेवटची अट काकांनी मनाचा मोठेपणा म्हणून घातली होती, आणि ती वाचताना त्यांचा आवाज जरा जड झाला.

अंतिम बैठक सुटीच्या दिवशी, जेवणाच्या वेळी बोलावण्यात आली. ताटं मांडली जात होती. जेवण समोर आलं म्हणून धाकटीने नेहमीप्रमाणे इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलं. ते घेतल्यावर थोड्या वेळात जेवावं लागतं. नाही जेवलं तर घेतलेलं इन्सुलिन अंगातली होती नव्हती ती साखर संपवून टाकतं. तेवढ्यात काका उठून उभे राहिले. "ताटं उचला. खात्यात आम्ही निर्णय झाल्याशिवाय जेवत नसू. भरल्या पोटी माणूस कशालाही हो म्हणतो."

"काका, मी इंजेक्शन घेतलंय," धाकटी म्हणाली. "मला जेवायला हवं."

"सगळेच उपाशी आहेत, बाळ," काका म्हणाले. "तुझ्यासाठी अख्खी समिती उपाशी बसलीये. जरा त्याची तरी जाणीव ठेव."

ताटं उचलली गेली. आई चहा टाकायला आत गेली. टेबलावर कागद पसरले. निकष, अहवाल, तुलनेचे तक्ते. वर पंखा फिरत होता आणि कागद फडफडत होते, म्हणून काकांनी हाताला येईल ती पहिली वस्तू त्यांवर वजन म्हणून ठेवली. ती वस्तू म्हणजे धाकटीचा ग्लुकोजचा डबा. इतक्या वर्षांत त्या डब्याचा घराला झालेला हा पहिला उपयोग.

चर्चा रंगली. काका नळीवाल्याच्या बाजूने होते, कारण त्याचा आवाज पूर्ण बंद करता येतो असं त्यांच्या वाचनात आलं होतं. काकांची दोन मतं होती, एक स्वतःचं आणि एक चहा करत होतं. वहिनी बिननळीच्यावर अडून बसली, फक्त तो अंगाच्या रंगाचा मिळावा अशी तिची अट होती. दादा म्हणाला पुढच्या वर्षी नवं मॉडेल येतंय, थांबलेलं बरं. मामा कोचावर डाव्या कुशीवर आडवे झाले होते आणि शहाण्याशिवाय दुसऱ्या कशाला हात लावू नका असं पडल्या पडल्या बजावत होते. चार जणांची पाच मतं होती आणि एकही जुळत नव्हतं.

धाकटीला हे सगळं आधी स्पष्ट ऐकू येत होतं, मग जरा लांबून. वर्दी या वेळी आली, पण उशिरा. कपाळावर घाम फुटला. ओठांना मुंग्या आल्या. काका बोलताना त्यांचं तोंड हलतंय आणि आवाज मागाहून येतोय असं तिला वाटू लागलं. तिने ओळखलं. तिने हात पुढे केला आणि डब्यावर ठेवला.

"अंहं," काकांनी तिचा हात हळूच बाजूला केला. "कागद उडतील. हरकत असली तर लेखी दे."

"वन्संना घाम आलाय," वहिनी म्हणाली. "पंखा वाढवू का?"

"कागद," काका म्हणाले.

धाकटीने पुन्हा हात उचलायचा प्रयत्न केला. हात कुठे होता ते तिला नीटसं कळेना. तोंड उघडलं, पण त्यातून शब्द आला नाही. दादा कार्यवृत्त लिहीत होता. त्याने मान वर करून बहिणीकडे पाहिलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं: 'विशेष निमंत्रित शांत होत्या. त्यांची मूक संमती गृहीत धरण्यात आली.'

आणि नेमक्या त्याच क्षणी साखर पडल्याचा गजर झाला. घर हादरेल असा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसाच, कानठळ्या बसवणारा, कोणालाही दुर्लक्ष करता येऊ नये असा. फोन मामांचा होता.

(सेन्सर लावलेला दंड अंगाखाली दाबून झोपलं की सेन्सर चुकीचा, कमी आकडा दाखवतो, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तेव्हा मान डोलावण्यात आली होती.)

मामा ताडकन उठून बसले, फोनकडे बघितलं आणि पांढरेफटक पडले. "पडली! माझी साखर पडली! गेलो मी!"

समितीचं खरं रूप अशा प्रसंगी दिसतं. काका वयाच्या मानाने विजेसारखे हलले. त्यांनी डबा उचलला. कागद उडाले, निकष क पासून ङ पर्यंत सगळे उडाले, कोणी ढुंकून पाहिलं नाही. वहिनीने झाकण उघडलं. दादाने मामांची मान धरली. चमच्यामागून चमचा ग्लुकोज मामांच्या तोंडात गेलं. कोणी म्हणालं नाही की लेखी द्या. कोणी म्हणालं नाही की तुम्ही लाभार्थी आहात. "खा, खा, काही बोलू नका," काका म्हणत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

धाकटी खुर्चीवरून घसरून खाली बसली. आधी बसली, मग भिंतीला टेकली, मग भिंतही नीट सापडेना. ती सगळं बघत होती, एवढं अजून जमत होतं. मामांच्या ओठांवर पांढरी पावडर दिसत होती.

आई चहाचा ट्रे घेऊन आली. तिने आधी मामांना बघितलं, मग उडालेले कागद, मग मुलगी. ट्रे हातातून सुटला. कप फुटले, चहा तक्त्यांवर सांडला. गेली कित्येक वर्षं आई या खोलीत एक शब्द मोठ्याने बोलली नव्हती. आता तिने भावाच्या मांडीवरचा डबा हिसकावला आणि ती ओरडली, "मेल्यांनो, तिची पडलीये!"

डब्यात तळाला जेमतेम उरलं होतं. आईने ते बोटाने खरवडून लेकीच्या गालाच्या आत चोळलं, "गिळ गं, गिळ, माझ्याकडे बघ" म्हणत राहिली. मग दादाला माळ्यावर चढवलं. साखरेचा डबा शिडीशिवाय हाती लागेना, आणि शिडी शेजाऱ्यांकडे होती. दादा खुर्चीवर स्टूल ठेवून चढला आणि रडत रडत डबा घेऊन उतरला. हळूहळू धाकटीचे डोळे ताळ्यावर आले. सगळ्यात आधी तिला मामांचा आवाज ऐकू आला.

"माझं अर्धवटच राहिलं," मामा म्हणत होते.

कार्यवृत्त संध्याकाळी पूर्ण करण्यात आलं. काकांनी ते स्वतः तपासलं. त्यात नमूद आहे की बैठकीदरम्यान वैद्यकीय सदस्यांची साखर अकस्मात पडली असता समितीने प्रसंगावधान राखून त्यांचे प्राण वाचवले. यावरून गजराची उपयुक्तता निःसंशय सिद्ध होते. विशेष निमंत्रित मध्येच आसन सोडून जमिनीवर बसल्या, ही बाब शिस्तीला धरून नव्हती, परंतु त्यांची तब्येत लक्षात घेता समितीने ती क्षमापित केली. फुटलेल्या कपांबाबत उपसमिती नेमण्यात आली. पंपाचा विषय चहा सांडल्यामुळे पुढे ढकलण्यात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मामांच्या दंडावरचा सेन्सर स्वतःच्या हाताने उपटला. मामा ओरडले. आईने त्याकडे दुर्लक्ष केलं. तीन नमुने पिशवीत भरले, धाकटीला घेऊन ती डॉक्टरीणबाईंकडे गेली, नवा सेन्सर मागून घेतला, आणि म्हणाली, "आम्ही कोणी काही सांगणार नाही. हिला विचारा."

हिला विचारण्यात आलं. हिने जे सांगितलं ते पहिल्या बैठकीतलंच होतं: भट्टीपाशी लावून बघते. मालकाने परवानगी दिली, आई बाजूला स्टुलावर बसून राहिली. धाकटीने तिन्ही पंप एकामागून एक लावून ट्रे ओढले, वाकली, उठली, दार उघडलं, घामाघूम झाली. मधे एकदा सेन्सर ओरडला. तिने थांबून ग्लुकोज खाल्लं, जरा टेकली, आणि पुन्हा उभी राहिली. पाव उलटा करून टकटक केली, कान दिला. मग तिने एका पंपाकडे बोट दाखवलं. भट्टी बघून गेलेल्या माणसाला मालकाने दुसरीकडे पाठवलं. निवड नियमबाह्य असल्याचं काकांनी लगेच कळवलं आहे, आणि मामा दंड चोळत त्यांच्याशी सहमत आहेत.

तिने कोणता पंप निवडला ते इथे मुद्दाम सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पटकन म्हणाला असतात, "असं होय? पण त्यापेक्षा तो दुसरा..." नाही म्हणता? मग मघापासून त्या तिघांतला एक तुम्ही तिच्यासाठी मनात पक्का करून बसला आहात, तो कसा? तिने तुम्हाला विचारलं होतं?

लाजायचं काही कारण नाही. आई बाहेर पडल्यामुळे समितीत एक जागा रिकामी आहे आणि अध्यक्षांना तुमच्यासारखीच माणसं हवी आहेत. अट एकच, तुम्हाला मधुमेह नसावा. बैठक जेवणाच्या वेळी आहे. तुम्ही येताना जेवून या.